एका माणसापुरतं

नमस्कार, श्रोतेहो. घरापासून लांब, एकट्यानं राहायला लागलेल्या आणि नुकताच गॅस पेटवायला शिकलेल्या मंडळींशी आज बोलायचं आहे. बाकीच्यांनीही ऐकायला हरकत नाही. एकट्यानं राहायची वेळ कुणावर कधी येईल, सांगता येत नाही.

नवशिका माणूस काय करतो? चौघांसाठी लिहिलेली कृती शोधतो, सगळ्या आकड्यांना चारानं भागतो आणि कामाला लागतो. मग भात टणक राहतो, नाहीतर बुडाला लागतो, आणि आपल्या हाताला चवच नाही असं त्याच्या मनात पक्कं बसतं. दोष हाताचा नसतो, भागाकाराचा असतो. जिन्नस चारानं भागता येतात, पण वाफ होऊन उडून जाणारं पाणी भागता येत नाही.

भाताचंच बघा. तांदूळ शिजताना साधारण स्वतःएवढंच पाणी पितो. वाटीभर तांदूळ, वाटीभर पाणी. त्यावर जे जास्तीचं पाणी आपण घालतो, ते उडून जाण्यासाठीच असतं. किती उडेल हे तांदळाच्या मापावर ठरत नाही. भांड्याचं तोंड केवढं, झाकण किती घट्ट बसतं आणि आच किती वेळ चालू राहते, यावर ते ठरतं. समजा, तुमच्या पातेल्यातून एका वेळी अर्धी वाटी पाणी उडतं. मग ४ वाट्या तांदळाला साडेचार वाट्या पाणी पुरेल, पण अर्ध्या वाटी तांदळाला अख्खी वाटी लागेल. म्हणजे तिथे सव्वापटसुद्धा नाही आणि इथे थेट दुप्पट! तांदूळ जुना असला तर पाणी आणखी थोडं जास्त. एकदोनदा करून बघितलंत की आपल्या पातेल्याचा हिशोब कळतो, आणि तो छापील कृतीपेक्षा जास्त भरवशाचा असतो.

म्हणून आधी भांडं लहान घ्या. जाड बुडाचं, नीट बसणाऱ्या झाकणाचं, १६ ते १८ सेंटीमीटर रुंदीचं एक पातेलं. डझनभर भांड्यांचा संच कुणी भेट दिलाच, तर आभार मानून माळ्यावर टाका.

आता कांदा. रेडिओवरून सांगायला हा सोपा, कारण तो कानानं परतायचा असतो. कांद्यात जवळजवळ ९० टक्के पाणी असतं. तापल्या तेलात पडल्यावर जो मोठा चर्र आवाज होतो, तो हे पाणी बाहेर पडण्याचा. कांद्यात भरपूर पाणी आहे तोवर त्याचं तापमान १०० अंशांच्या आसपासच अडकून राहतं. कांदा मऊ होतो, काचेसारखा दिसतो, पण रंग धरत नाही. पाणी आटलं की आवाज बारीक होतो, नुसती चुरचुर ऐकू येते. इथून पुढे ओट्यापासून हलायचं नाही. साधारण १४० अंशांच्या पुढे तो तपकिरी रंग आणि खमंग वास झपाट्यानं येऊ लागतो. लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ साली ज्या अभिक्रियेचं वर्णन केलं, तीच ही. कृतीत ‘पाच मिनिटांत सोनेरी’ असं लिहिलेलं असेल तर विश्वास ठेवू नका. मध्यम आचेवर पंधरा मिनिटं तरी धरून चला. शिवाय एकच कांदा भल्या मोठ्या कढईत टाकलात तर तेल पसरतं, फोडी विखुरतात, कडा करपतात आणि आतून त्या कच्च्याच राहतात. इथेही भांडं लहानच हवं.

‘मीठ चवीनुसार’ हे शब्द ज्यानं पहिल्यांदा लिहिले, त्यानं नवशिक्यांचा विचार केला नव्हता. अर्धा किलो पदार्थाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा बारीक मीठ, बहुतेकांच्या जिभेला पुरतं. सुरुवात त्याच्या निम्म्यानं करा. आणि रस्सा आटवायचा असेल तर मीठ शेवटी घाला. पाणी उडतं, मीठ तिथेच राहतं. खारट झालंच तर पाणी किंवा बिनमिठाचा जिन्नस वाढवा. बटाट्याची फोड टाकून मीठ शोषलं जातं, ही फक्त समजूत.

एकट्याच्या घरात शिल्लक उरतेच, आणि उरू द्यावी. दोन्ही वेळा चूल पेटवायचा उत्साह कुणाला असतो? फक्त भाताला जपा. बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत पडून राहिला की ते वाढीला लागतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. तेव्हा उरलेला भात पसरट डब्यात काढा, लवकर गार करा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका. दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून संपवा.

एक गोष्ट गंभीरपणे. तेल तापत ठेवून फोनवर बोलायला आतल्या खोलीत जायचं नाही. तुमच्या घरात ‘अगं, धूर येतोय’ म्हणून हाक मारणारं कुणी नाही. तेलानं पेट घेतलाच तर पाणी ओतू नका. पाणी तेलाच्या खाली जातं, क्षणात त्याची वाफ होते आणि पेटतं तेल चहूकडे उडतं. गॅस बंद करा, वर झाकण सरकवा आणि कढई पूर्ण गार होईपर्यंत ते उचलू नका. कढई उचलून बाहेर न्यायलाही जाऊ नका. आणि झाकण हाताशी आहे ना, हे तेल ओतण्याआधी बघायचं.

भागाकार चुकतो म्हणालो, पण एका पदार्थात भागाकाराची गरजच पडत नाही. अंडी खात असाल तर हा आधी शिका. पाणी नीट खळाळू द्या, चमच्यानं अंडं अलगद आत सोडा आणि घड्याळ लावा. सात मिनिटांत पांढरा भाग घट्ट, बलक मऊ. अकरा मिनिटांत बलकही घट्ट. मग लगेच गार पाण्यात. पाणी भरपूर असेल तर अंडं एक असो की चार, मिनिटं तीच.