जुनं दुखणं ‘सोड की आता’ म्हटल्यानं का सुटत नाही

नमस्कार मंडळी, सांगलीतनं बोलतोय. बाहेर पाऊस चालू आहे, मागं आवाज आला तर सांभाळून घ्या, आमच्याकडं या दिवसांत दुसरं काय असणार.

तर आज जरा जड विषय घेतलाय. प्रत्येकाच्या आयुष्यात एखादी गोष्ट असते बघा, ठरलेलं लग्न मोडलं, पार्टनरनं धंद्यात बुडवलं, बाप चारचौघांत असं काही बोलला की ते अजून कानात आहे. वर्षं गेली तरी ते जात नाही. आणि ज्याला सांगावं तो म्हणतो, सोड की आता, किती दिवस धरून बसणार. सांगणारा वाईट नसतो हां, त्याला मनापासून वाटत असतं आपलं बरं व्हावं. पण सोडायचं म्हणजे नेमकं करायचं काय ते त्यालापण माहीत नसतं.

१९८७ मध्ये अमेरिकेत डॅनियल वेग्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा एक प्रयोग आला. कॉलेजच्या पोरांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आणि आलाच डोक्यात तर बेल वाजवायची. बेल काय थांबेना. गंमत पुढं आहे, नंतर त्याच पोरांना म्हणाले आता करा खुशाल विचार, तर ज्यांना पहिल्यापासून मोकळीक होती त्यांच्यापेक्षा या दाबून बसलेल्यांच्या डोक्यात अस्वल जास्त यायला लागलं. आता त्या अस्वलानं पोरांचं काही वाकडं केलं नव्हतं. आपल्याला जो माणूस विसरायचाय तो मार्केट यार्डात समोरून येतो, त्याच्या घरच्या लग्नाची पत्रिका येते आणि वर आई म्हणते जाऊन ये, बरं दिसत नाही.

मग काहीजण बरोबर उलटं करतात. रात्री दोन वाजता पंख्याकडं बघत तेच तेच, मी तेव्हा असं बोलायला पाहिजे होतं, माझ्याच वाट्याला का, त्यानं असं का केलं असेल. सुसान नोलेन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञ बाईंनी या घोळवण्यावर कितीतरी वर्षं काम केलं. आपल्याला वाटतं आपण विचार करतोय, मार्ग काढतोय, पण त्यातनं निघत काही नाही, उदासी तेवढी लांबते आणि समोरचा साधा प्रश्न सोडवायलापण डोकं चालत नाही, हे त्यांच्या कामात पुन्हा पुन्हा दिसलं.

म्हणजे दाबलं तरी येतं आणि घोळवलं तरी जात नाही. मग करायचं काय?

इथं मला आमच्या गावचंच आठवतं. कृष्णाकाठच्या भागात भिंतींवर पुराच्या रेघा दिसतात, बाजूला साल, २००५, २०१९, २०२१. ऑगस्ट २०१९ ला तर आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ ची. ज्यानं दुकानात ती रेघ मारली तो पूर विसरला नाहीय, आणि रोज सकाळी शटर उघडून रडतपण नाही. पाणी अमुक साली आलं, इथंवर आलं, मग उतरलं, एवढंच ती रेघ सांगते. आणि पुढच्या पावसाळ्यात तो पोती रेघेच्या वर चढवून ठेवतो.

मनातल्या गोष्टीचं असं मोजमाप आपण कधी करत नाही. कधी झालं, कुठवर गेलं, काय वाचलं, सगळंच गढूळ.

मोजायचं कसं, तर लिहून. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं स्वतःच्या सगळ्यात दुखऱ्या गोष्टीवर लिहायला लावलं, काय झालं आणि काय वाटलं, दोन्ही. लिहिल्या लिहिल्या पोरांना बरं नाही वाटलं, उलट जास्त वाईट वाटलं, हे मुद्दाम सांगतोय कारण तुम्ही पहिल्या दिवशी रडाल आणि म्हणाल हे काय फसवंच निघालं. पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या डॉक्टरकडच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतर यावर ढिगानं अभ्यास झाले, सरासरी फायदा छोटाच निघाला, जादू बिदू काही नाही. पण एक वही आणि पेन, खर्च किती, करून बघायला काय जातंय.

लिहिताना एक मात्र बघा. घडलं ते वेगळं आणि आपण त्याला चिकटवलेलं वेगळं. समजा एखादा पोरगा एमपीएससी करतोय, प्री निघाली, मेन्स थोडक्यात गेली, वय निघून गेलं. एवढं घडलं. आणि ‘मी कशाच्याच लायकीचा नाही, गावात तोंड दाखवायला जागा नाही’ हे घडलेलं नाही, हे पारावर बसून कुणीतरी बोललं आणि यानं ते स्वतःच्या खात्यावर जमा करून घेतलं. वहीत दोन्ही शेजारी शेजारी आलं की फरक दिसतो, डोक्यात असतं तोवर ते एकच वाक्य वाटत राहतं.

आता माफीचं. लोक लगेच सांगतात माफ कर, मोकळा होशील. मला नाही पटत. जमीन लाटणाऱ्या चुलत्याला माफ न करतापण माणूस नीट जगू शकतो, दिवाळीला फराळाचं ताट पाठवायलाच पाहिजे असं कुठं आहे. माफी मनातनं आली तर उत्तम, घरच्यांनी ढकलून आणली तर ते परत दाबणंच झालं की.

आणि बरं झाल्यावरसुद्धा कधीतरी परत छातीत धडधडणार. २०१९ बघितलेल्या माणसाला २०२१ च्या जुलैत झोप लागली असेल का? धरणातनं विसर्ग वाढवला अशी बातमी आली की अजून लोक मोबाईल हातातनं ठेवत नाहीत. याचा अर्थ माणूस होता तिथंच राहिला असा नाही. शरीर सावध होतं, ते त्याचं कामच आहे.

पण काही गोष्टी वहीनं भागत नाहीत. तोच प्रसंग आत्ता चालू असल्यासारखा डोळ्यांसमोर येतो, झोप उडालीय, दारू वाढलीय, जगावंसं वाटत नाही, असं असेल तर एकट्यानं लिहीत बसू नका, सरळ डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा. मिरजेला दवाखान्यात जाताना कुणी बघेल ही भीती मला कळते, लहान गाव आहे आपलं. अशा वेळी टेलिमानस आहे, केंद्र सरकारची सेवा, २०२२ पासून चालू आहे, नंबर १४४१६. पैसे लागत नाहीत, रात्री दोनलापण लागतो, आणि मराठीत बोलता येतं.