शाहकडे पैसा होता, मग लोक का उठले?

नमस्कार मंडळी! समजा उद्या गुढीपाडवा आहे, नवं साल लागायचंय १३५५, आणि सकाळी रेडिओ सांगतो की नाही हो, आजपासून २५३५. इराणमध्ये मार्च १९७६ मध्ये खरंच असं झालं, त्यांच्या नवरोजला. तिथला राजा, म्हणजे शाह, मोहम्मद रझा पहलवीला वाटलं आपलं कॅलेंडर प्राचीन इराणच्या सायरस राजापासून मोजावं, मोजलं. तीन वर्षं पण झाली नाहीत आणि शाह देशाबाहेर.

आता आपण शाळेत काय शिकलो, लोक उपाशी असतात म्हणून क्रांती होते. इराणात मात्र उलटं होतं, पैसा धो धो आला होता. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव काही महिन्यांत जवळपास चौपट झाले, शाहने पंचवार्षिक योजनेचा खर्च थेट दुप्पट केला, पण बंदरं तीच, रस्ते तेच, मग जहाजं माल घेऊन महिनोन्‌महिने समुद्रात उभी. तेहरानमध्ये घरभाडी पेटली. १९६२ पासून जमीन सुधारणा झाल्या होत्या, कागदावर छानच, पण कित्येकांच्या वाट्याला आलेला तुकडा एवढुसा की त्यावर घर चालेना, काहींना तर तोही नाही, ही सगळी मंडळी शहराच्या दक्षिणेकडच्या झोपड्यांत.

महागाई वाढल्यावर शाहने काय करावं? दोष दुकानदारांना! १९७५ मध्ये सगळे पक्ष बंद करून एकच ठेवला होता, रस्ताखीझ (ज्याला नको त्याने जेलमध्ये जावं नाहीतर देश सोडावा, हे शाह स्वतः बोललाय), त्या पक्षाची कॉलेजची पोरं बाजारात भाव तपासायला सोडली. हजारो व्यापाऱ्यांना दंड, जेल. मला विचाराल तर शाहची सगळ्यात मोठी घोडचूक हीच. कारण आपला 'बाजार' हा शब्द ज्या फारसीतून आला त्या फारसीतला बाजार म्हणजे फक्त दुकानांची रांग नाही, तिथेच मशीद, तिथेच उसनवारी, व्यापारी आणि मुल्ला यांच्यात सोयरिकी. मशिदींना पैसा पुरवणारा माणूसच तुम्ही दुखावला. पक्ष नाहीत, पेपर मोकळे नाहीत, साव्हाक ही गुप्त पोलीस मागावर, तर माणसं जमणार कुठे? मशिदीतच ना.

जुनं दुखणंही होतंच. १९५३ मध्ये तेलाचं राष्ट्रीयीकरण करणाऱ्या पंतप्रधान मोसद्देकना अमेरिका-ब्रिटनच्या मदतीने पाडलं होतं, शिकलेला वर्ग ते विसरला नव्हता.

आणि मग ठिणगी. ७ जानेवारी १९७८, 'इत्तेलाआत' पेपरमध्ये शाहविरोधी हद्दपार धर्मगुरू खोमेनींची बदनामी करणारा लेख. दोन दिवसांनी कोम शहरात मोर्चा, गोळीबार, माणसं मेली. आपल्याकडे जसं तेरावं तसा त्यांच्याकडे चाळिसावा. चाळीस दिवसांनी, १८ फेब्रुवारीला, तब्रीझमध्ये दुखवट्याला लोक जमले, तिथे पुन्हा मेले, मग त्यांचा चाळिसावा मार्चअखेरीला, यझ्दला आणि आणखी कुठेकुठे. म्हणजे मोर्च्याची तारीख कुणी ठरवायचीच गरज नाही, सरकारनेच गोळी झाडून पुढची तारीख देऊन ठेवलेली. खोमेनींची भाषणं कॅसेटवर कॉपी होऊन गल्लोगल्ली फिरत होती, आजच्या फॉरवर्डसारखी.

ऑगस्टमध्ये घाबरून कॅलेंडर परत जुनं केलं, पण आता कोण ऐकतंय. ८ सप्टेंबरला तेहरानच्या झाले चौकात लष्कराने गोळ्या घातल्या, त्यानंतर तेल कामगारच संपावर गेले, म्हणजे ज्या तेलाच्या पैशावर हे सगळं उभं होतं तो नळच बंद!

१६ जानेवारी १९७९ ला शाह विमानात बसला. त्या दिवशी 'इत्तेलाआत'ने, हो, त्याच पेपरने, पहिल्या पानावर भल्यामोठ्या अक्षरात दोनच शब्द छापले, 'शाह रफ्त'. शाह गेला.