नमुना कुठून घेतला?

नमस्कार श्रोतेहो.

वाहतं पाणी शुद्ध असतं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. त्यात तथ्य आहे. पण ते कुठवर खरं आहे, हे सांगायला मी आज तुमच्याशी बोलतो आहे. कारण याच भरवशावर आपण नद्यांचा घात करत आलो आहोत.

नदी स्वतःला स्वच्छ करते ती पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनच्या जोरावर. मैला आला, कारखान्याचं कुजणारं सांडपाणी आलं, की सूक्ष्मजीव त्यावर तुटून पडतात आणि ते फस्त करताना ऑक्सिजन वापरतात. हा साठा असतो तरी केवढा? 20 अंश सेल्सिअसला लिटरमागे जेमतेम 9 मिलिग्रॅम. पाणी 30 अंशांपर्यंत तापलं तर साडेसात. सूक्ष्मजीवांची भूक मात्र उष्णतेबरोबर वाढते. नदी आटलेली आणि तापलेली असते तेव्हाच तिला सगळ्यात जास्त सोसावं लागतं, ते यामुळेच.

घाण कुजायला किती ऑक्सिजन लागेल, याचं माप म्हणजे बीओडी. निर्मळ नदीत तो लिटरमागे दोन-तीन मिलिग्रॅम असतो, घरगुती सांडपाण्यात दोन-तीनशे. मळीपासून अल्कोहोल काढणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्यात तो 40,000च्या वर जातो. हिशेब करून पाहा. असं एक लिटर पाणी, प्रक्रिया न करता सोडलं, तर चार हजार लिटरहून जास्त स्वच्छ पाण्यातला सगळा ऑक्सिजन खाऊ शकतं.

ऑक्सिजन आहे की नाही, हे डोळ्यांनी पाहता येतं. लुडविग विंकलर यांनी 1888 मध्ये दिलेली रीत प्रयोगशाळांत आजही वापरतात. काचेची बाटली नदीच्या पाण्याने काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडासुद्धा राहू द्यायचा नाही. मग मँगनीजच्या क्षाराचं द्रावण घालायचं आणि पाठोपाठ आयोडाइड मिसळलेला अल्क. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका तयार होतो आणि हळूहळू तळाशी बसतो. साका पांढराच राहिला, तर त्या पाण्यात मासा जगणार नाही. एरवी ते पाणी दिसायला अगदी नितळ असू शकतं.

आणि हा पांढरा साका नाल्याच्या तोंडाशीच मिळेल असं नाही. घाण पडली की सूक्ष्मजीव कामाला लागतात, आणि तोवर पाणी पुढे सरकलेलं असतं. ऑक्सिजनचा तळ गाठला जातो तो बऱ्याचदा कित्येक किलोमीटर खाली, दुसऱ्याच गावाच्या काठाशी. अमेरिकेतल्या ओहायो नदीचा अभ्यास करून स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी 1925 मध्ये ही घसरण गणितात मांडली. खाली पुरेसं अंतर मिळालं, मध्ये नवा नाला आला नाही, तर नदी सावरते. पण आपण तिला तेवढं अंतर ठेवतो कुठे?

आतापर्यंत बोललो ते कुजणाऱ्या घाणीबद्दल. पारा, कॅडमियम, क्रोमियम यांना कुठलाही सूक्ष्मजीव खाऊन संपवू शकत नाही. ते गाळात बसतात, तिथून किड्यांत, माशांत आणि माणसांत जातात. जपानमधल्या मिनामाताची गोष्ट मला फार अस्वस्थ करते. चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून पारा समुद्राच्या खाडीत जात होता. तिथले मासे खाऊन लोकांना जडलेल्या आजाराची 1956 मध्ये अधिकृत नोंद झाली. 1958 मध्ये कंपनीने सांडपाण्याची वाट बदलून ते मिनामाता नदीच्या मुखाशी सोडलं, आणि पुढे त्या बाजूलाही रुग्ण आढळू लागले. पारा सोडणं थांबलं 1968 मध्ये. दूषित मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून खाडीत लावलेलं जाळं निघालं ते थेट 1997 मध्ये.

शेतातून वाहून येणारी खतं आणि डिटर्जंटमधला फॉस्फरस शेवाळ आणि जलपर्णी माजवतात. वीजकेंद्रांचं गरम पाणी पाण्याची ऑक्सिजन धरून ठेवण्याची ताकद कमी करतं. यांचा दोष कमी नाही.

तरीही नद्या परत येतात. लंडनजवळच्या थेम्सचा मोठा पट्टा 1957 मध्ये मृत म्हणून जाहीर झाला होता. सांडपाणी केंद्रं सुधारली, कारखान्यांवर बंधनं आली, आणि 1974 मध्ये तिथे सामन मासा पुन्हा सापडला.

म्हणून श्रोतेहो, तुमच्या नदीचा अहवाल 'समाधानकारक' आला, तर दोन प्रश्न जरूर विचारा. नमुना कुठून घेतला, नाल्याच्या वरच्या अंगाला की खालच्या? आणि किती वाजता? दिवसा उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडतं, म्हणून दुपारचा आकडा चांगला दिसतो. रात्रभर तेच शेवाळ ऑक्सिजन घेत राहतं. मासे मरतात ते बहुधा पहाटे, म्हणून पहाटेचा आकडा मागा.