उजेड कुणी खाल्ला?

या टेबलावर दोन ग्लास ठेवलेत. दोन्हींत कोकम सरबत आहे. एकात आगळ जास्त, एकात कमी. शेवटच्या रांगेतूनही सांगता येईल की दाट कुठलं. चव घ्यायची गरज नाही. बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये दिवसभर आम्ही हेच करतो, फक्त आमच्या यंत्राला त्या दाटपणाचा आकडा सांगता येतो.

पण रक्तातल्या साखरेला रंगच नाही. म्हणून आधी रंग चढवावा लागतो. दहा मायक्रोलीटर सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारं पिवळसर पाणी), म्हणजे साधारण थेंबाचा पाचवा हिस्सा, एक मिलीलीटर रीएजंटमध्ये, म्हणजे रंग आणणाऱ्या रसायनात, घालायचं आणि ३७ अंशांवर ठेवायचं. त्यातलं ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम साखरेवर काम करतं, हायड्रोजन पेरॉक्साइड निघतं आणि पेरॉक्सिडेजच्या मदतीनं त्याचा पुढे गुलाबी रंग होतो. जितकी साखर, तितका गडद गुलाबी. आता गुलाबी पाणी हिरवट-निळा उजेड खातं, म्हणून फिल्टर लावायचा ५०५ नॅनोमीटरचा. दिव्याचा उजेड एका बाजूनं आत सोडायचा, दुसऱ्या बाजूला किती पोचला ते मोजायचं. जो पोचला नाही, त्याच्या हिशेबाला आम्ही ओडी (ऑप्टिकल डेन्सिटी) म्हणतो. १०० मिलिग्रॅमच्या स्टँडर्डची, म्हणजे साखर आधीच माहीत असलेल्या द्रावणाची, ओडी ०.३० आली आणि पेशंटची ०.४२, तर साखर १४०. चौथीतलं त्रैराशिक.

ओडीची एक गंमत मात्र ध्यानात ठेवा. ओडी १ म्हणजे शंभरातला दहा भाग उजेड पलीकडे गेला. २ म्हणजे एकच भाग. ३ म्हणजे हजारातला एक. एवढ्याशा उरलेल्या उजेडावर यंत्र जो आकडा देतं, तो मी तरी बेधडक सही करून सोडणार नाही. द्रावणाचा दाटपणा आणि खाल्लेला उजेड यांचा संबंध बेर यांनी १८५२ साली रंगीत द्रावणांवर दाखवला. त्याआधी बुगे आणि लँबर्ट यांनी जाडी आणि उजेडाचं गणित मांडलेलं होतं. परीक्षेत विचारतात, म्हणून सांगितलं.

खरा प्रश्न पुढेच आहे. यंत्राला साखर दिसत नाही, एसजीपीटी दिसत नाही. त्याला एवढंच कळतं की उजेड कमी पोचला. तो कुणी खाल्ला, हे आपण सांगायचं असतं.

एसजीपीटीचंच घ्या. हे यकृतातलं एन्झाइम. इथे ३४० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा उजेड वापरतात. रीएजंटमधलं एनएडीएच नावाचं रसायन हा उजेड खातं, आणि एन्झाइमच्या कामात ते खर्च होत जातं. त्यामुळे ओडी मिनिटागणिक उतरते. जेवढी भराभर उतरेल, तेवढं एन्झाइम जास्त. उताराला १७६८ नं गुणायचं. हा आकडा कितीतरी टेक्निशियनना पाढ्यासारखा पाठ असतो, पण तो आला कुठून हे विचारलं की खाली बघतात. १०० मायक्रोलीटर सीरम, एकूण ११०० मायक्रोलीटर, आणि एनएडीएचचा ६.२२ हा गुणांक. करून बघा, येतो.

नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी माझ्याकडे एक सीरम आलं, हळदीच्या पाण्यासारखं पिवळंजर्द. बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा पिवळा रंग, भरपूर. एसजीपीटी लावलं तर उत्तर आलं १२. बारा! नॉर्मल. मी रजिस्टरमध्ये लिहूनही टाकलं होतं. आमच्या सीनियर बाईंनी ट्यूब उजेडाकडे धरली, रजिस्टर पाहिलं आणि एवढंच विचारलं, "अगं, सुरुवातीची ओडी किती होती?" मी पाहिलीच नव्हती. एकाच्या वर असायला हवी होती, ती ०.२ च्याही खाली. एन्झाइम इतकं होतं की यंत्र मोजायला सुरुवात करेपर्यंत पहिल्या मिनिटातच त्यानं सगळं एनएडीएच फस्त केलं होतं. उरलंच नाही तर उतरणार काय? एक भाग सीरम, नऊ भाग सलाइन करून पुन्हा लावलं. दहानं गुणल्यावर आकडा आला २८०० च्या घरात. तो बारा मी खोडला, पण पान अजून डोळ्यांसमोर आहे.

म्हणून मी सांगते, यंत्रात घालण्याआधी ट्यूब बघा. लालसर असेल तर पेशी फुटून हिमोग्लोबिन आलंय, तेही उजेड खातं. दुधासारखी असेल तर चरबी उजेड विखरून टाकते, आणि यंत्राला ते खाल्ल्यासारखंच वाटतं. फ्लो सेलमध्ये, म्हणजे यंत्रातल्या ज्या नळीतून उजेड जातो तिच्यात, हवेचा बुडबुडा अडकला तर तोही रीडिंग देतो. पेशंटच्या नावानं!

बिलिरुबिनचं तर आणखी वेगळं. ते उजेडात टिकत नाही. इंग्लंडमध्ये एसेक्समधल्या रॉचफर्डच्या हॉस्पिटलात १९५६ साली तिथल्या नर्स, सिस्टर जीन वॉर्ड यांना दिसलं की उन्हात नेलेल्या बाळाची कावीळ अंगाच्या उघड्या भागावर फिकी पडते, झाकलेल्या भागावर तशीच राहते. त्याच सुमारास एका बाळाच्या रक्ताची ट्यूब खिडकीत उन्हात राहून गेली, आणि तिचं बिलिरुबिन अपेक्षेपेक्षा बरंच कमी भरलं. १९५८ साली क्रेमर आणि सहकाऱ्यांनी यावर लेख छापला. आज नवजात बाळांना ज्या निळ्या दिव्याखाली ठेवतात, त्याची सुरुवात तिथली.

बाळासाठी तो उपचार झाला. आपल्या टेबलावर तीच चूक ठरते. तेव्हा उद्या प्रॅक्टिकलला येताना प्रत्येकानं काळा कागद किंवा अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा आणा. पहिलं सीरम काविळीचंच देणार आहे, आणि माझी खिडकी पूर्वेला आहे.