आवकेचा दाखला आधी, निकाल नंतर

(बडोद्यात दांडिया बाजारात एप्रिलमधल्या एका रविवारी बारावीची मुलं आणि त्यांचे पालक यांच्यासमोर केलेलं भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मंडळी, परीक्षा संपल्यात, निकाल लागायचाय. या मधल्या दिवसांत घराघरांत एकच विषय असतो, किती टक्के पडतील. मी आज वेगळंच सांगायला आलोय. निकालानंतर फी भरताना जे कागद लागतात, ते निकालाच्या आधी तुमच्या हातात पाहिजेत. तीस वर्षं मी एका कॉलेजच्या ऑफिसात स्कॉलरशिपच्या टेबलावर होतो. मार्क कमी पडले म्हणून त्या टेबलावरून परत गेलेली मुलं मला फार थोडी आठवतात. कागद नाही म्हणून गेलेली पुष्कळ आठवतात. आणि आपल्या मराठी घरांतली कितीतरी मुलं तर टेबलापर्यंत आलीच नाहीत.

का आली नाहीत हे मी जाणतो, कारण मी तशाच घरातला. आम्ही वाडीत राहायचो, वडील कारखान्यात होते. आमची आक्का, थोरली बहीण, मॅट्रिकला वर्गात दुसरी आली. मास्तर स्वतः फॉर्म घेऊन घरी आले. वडिलांच्या आवकेचा, म्हणजे उत्पन्नाचा, दाखला मामलतदार कचेरीतून आणून जोडायचा होता. वडील म्हणाले, "आम्ही गरीब आहोत असं कचेरीतून लिहून आणू?" फॉर्म देवघराशेजारच्या फडताळात राहिला. तारीख उलटून गेली. जूनमध्ये आक्का शिवणाच्या क्लासला जाऊ लागली. वडील दुष्ट नव्हते हो. लेकीवर त्यांचा जीव होता. पण दाखला काढणं म्हणजे हात पसरणं, हे त्यांच्या मनात पक्कं बसलेलं होतं, आणि ते खोटं आहे असं त्यांना कुणी सांगितलं नाही.

म्हणून मी तुम्हाला सांगतो. आपण ज्या गावात बसलोय, त्या गावाच्या राजानं, सयाजीराव महाराजांनी, भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती दिली. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. ४ जून १९१३ ला बडोदा संस्थानाशी रीतसर करार झाला, शिकून आल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची या अटीवर. त्यावर बाबासाहेबांनी सही केली आणि ते कोलंबिया विद्यापीठात गेले. त्या सहीनं त्यांची मान खाली गेली का? मग आवकेच्या दाखल्यानं आपली का जावी?

आता कामाचं बोलू. गुजरात सरकारची मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना २०१५ पासून आहे. आवक वर्षाला सहा लाखांपर्यंत, आणि बारावीला ८० पर्सेन्टाइल. हा शब्द नीट ऐका, कारण इथंच माणसं फसतात. ८० टक्के नव्हे, ८० पर्सेन्टाइल. आपल्या गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर टक्क्यांशिवाय पर्सेन्टाइल रँक, म्हणजे पीआर, वेगळी छापलेली असते. ती सांगते की शंभर मुलांत तुम्ही किती जणांच्या पुढे आहात. एकदा एक काकू मुलीला घेऊन आल्या होत्या, दुसऱ्याच कामासाठी. मुलीला टक्के सत्तर. "हिला कुठली स्कॉलरशिप मिळणार," असं त्याच म्हणाल्या. मी मार्कशीट मागितली, बोट ठेवून पीआर दाखवला, ८२ होता. मुलगी तो आकडा पुन्हा पुन्हा वाचत राहिली. अजून दोन दिवस गेले असते तर तारीख निघून गेली असती.

या योजनेत ट्यूशन फीची निम्मी रक्कम मिळते, पण वर मर्यादा आहे. इंजिनिअरिंग-फार्मसीला ५०,००० रुपये, बीए, बीकॉम, बीएससीला १०,०००, मेडिकलला २ लाख. म्हणजे इंजिनिअरिंगची फी ९०,००० असेल तर ४५,००० मिळतील, आणि १,२०,००० असेल तरी ५०,०००च. पुढच्या वर्षीही मिळावी म्हणून ५० टक्के मार्क आणि ७५ टक्के हजेरी लागते. तिथं मुलं ढिली पडतात. बाबांनो, पडू नका.

दुसरी योजना केंद्र सरकारची, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरायची. तिलाही ८० पर्सेन्टाइलच लागतात, आवक साडेचार लाखांपर्यंत. देशभरात दरवर्षी ८२,००० नव्या मुलांना मिळते, त्यातली निम्मी मुलींसाठी. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला १२,००० रुपये. केंद्राची घेतली तर बरोबर दुसरी स्कॉलरशिप चालत नाही. मग कुठली भरायची? तुमची फीच थोडी असेल, बीए-बीकॉमला बहुधा असते, तर निम्म्या फीपेक्षा हे १२,००० जड भरतात. खासगी कॉलेजात इंजिनिअरिंगला जाणार असाल तर राज्याची घ्या. हा हिशेब घरी वहीवर मांडा आणि मगच फॉर्म उघडा. अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसी मुलांच्या योजना डिजिटल गुजरात या राज्य सरकारच्या पोर्टलवर वेगळ्या आहेत. ज्यांचं कुटुंब महाराष्ट्रातून उशिरा इथं आलं, त्यांनी जातीचा दाखला कुठल्या राज्याचा चालेल हे आत्ताच विचारून ठेवावं.

कर्जाबद्दल थोडक्यात. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्रानं पीएम विद्यालक्ष्मी मंजूर केली. यादीतल्या कॉलेजला प्रवेश मिळाला तर घर गहाण न ठेवता, जामीन न देता कर्ज मिळतं, आणि आठ लाखांपर्यंत आवक असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात व्याजात तीन टक्क्यांची सवलत मिळते. माझं मत विचाराल तर आधी स्कॉलरशिप, कर्ज शेवटी.

आता सगळ्यात जास्त फॉर्म जिथं अडतात ते सांगतो. नाव. बडोद्यातलं मराठी नाव तीन लिप्यांतून फिरतं. घरी मराठी, शाळेत गुजराती, आधारवर इंग्रजी. शाळेत आडनाव आधी, आधारवर शेवटी. वडील घरी अनिलराव, शाळेत अनिलभाई, आधारवर नुसते अनिल. आई शाळेच्या दाखल्यावर सुनीताबेन, बँकेत सुनीता. गायकवाड तर दोन स्पेलिंगांत लिहितात, एक राजवाड्याचं, एक आपलं. दत्तात्रय लिहायचे किती प्रकार, ते मी मोजायचं सोडलं. संगणकाला ही सगळी वेगवेगळी माणसं वाटतात. एका मुलाचा फॉर्म वडिलांच्या नावातल्या एका 'भाई'पायी परत आला, दुरुस्तीला महिना गेला, तोवर पोर्टल बंद. तो मुलगा टेबलासमोर उभा होता आणि मला देण्यासारखं काही नव्हतं.

आणि बँक. खात्याला आधार 'लिंक' आहे असं सगळे सांगतात. थेट खात्यात येणारे सरकारी पैसे, ज्याला डीबीटी म्हणतात, ते मात्र त्या पैशांसाठी आधार शेवटचं ज्या खात्याला जोडलं, म्हणजे सीड केलं, त्या खात्यात जातात. बाबांच्या ओळखीनं एक खातं, पूर्वी शाळेनं काढलेलं दुसरं, असं पुष्कळ मुलांचं असतं, आणि पैसे जुन्या, बंद पडलेल्या खात्याकडे जाऊन अडकतात. बँकेत जाऊन थेट विचारा, "डीबीटीसाठी माझं आधार याच खात्याला सीड आहे का?" आणि होकार मिळाल्याशिवाय काउंटर सोडू नका.

आवकेचा दाखला जनसेवा केंद्रातून काढायचा. रेशनकार्ड, लाइट बिल, आधार, पगाराची पावती, आणि धंदा असेल तर सोगंदनामा, म्हणजे शपथपत्र, लागतो. एकदा काढला की तीन वर्षं चालतो. निकालानंतर तिथं रांग दारापर्यंत येते, म्हणून उद्याच जा, सोमवार आहे. बाबांना सुट्टी नसेल तर आईनं जावं, रांगेत मुलानं उभं राहावं.

ज्यांनी पिशवीत कागद आणलेत त्यांनी ते आत्ता बाहेर काढा. शाळेचा दाखला डाव्या हाताला, आधार उजव्या हाताला ठेवा. दोन्हींवरचं नाव एकेक अक्षर लावून वाचा, मग वडिलांचं, मग आईचं. जिथं फरक दिसेल तिथं पेन्सिलीनं खूण करा आणि माझ्याकडे घेऊन या. मी सगळ्यांचे कागद बघून होईपर्यंत इथंच आहे.