साखरेच्या जहाजातला कारखाना

(दृश्य: वाळूज एमआयडीसीतली शेड. तीन रोलरच्या मशीनवर जाड पत्रा वळतोय.)

पत्रा आत सरकवायचा, रोलरचा दाब थोडाथोडा वाढवायचा, पुढे-मागे पास मारत राहायचं. दोन्ही टोकं आधी वळवून घेतली नाहीत तर तेवढा भाग सपाट राहतो आणि वेल्डिंगला जोड जुळत नाही. इथं यातून टाक्या बनतात.

पत्रे वळवणारी अशीच मशिनं १९९९ मध्ये कांडला बंदरात कस्टमला सापडली. कारगिलची लढाई सुरू होती. जहाज उत्तर कोरियाचं, नाव कुवोलसान. उतरवायची होती साखर. बाकीच्या खोक्यांवर लिहिलेलं होतं, पाणी शुद्ध करायची यंत्रं, मुक्काम माल्टा. आत निघाले क्षेपणास्त्राचे शंकू, धातूची कवचं, थिओडोलाइट (कोन मोजायची उपकरणं) आणि ड्रॉइंगचे गठ्ठे. तयार क्षेपणास्त्र एकही नाही. गिऱ्हाइकानं माल नव्हे, कारखानाच मागवला होता.

(दृश्य: नकाशा.)

क्षेपणास्त्रांच्या या धंद्याचं मूळ स्कड या सोव्हिएत क्षेपणास्त्रात. इजिप्तनं काही स्कड उत्तर कोरियाला दिले. कोरियानं ते उकलून स्वतःचे बनवले. इराकशी लढणाऱ्या इराणनं आधी लिबियाकडून घेतले, मग कोरियाकडून. पल्ला ३०० किलोमीटर, म्हणजे संभाजीनगरहून सरळ रेषेत मुंबईच्या जरा पुढे.

इराकला तेवढ्यानं तेहरान गाठता येईना. त्यांनी टाक्या लांबवल्या, स्फोटकाचं वजन घटवलं, पल्ला दुपटीवर नेला आणि नाव ठेवलं अल-हुसेन. पण सांगाडा त्या वेगासाठी बनलेलाच नव्हता. १९९१ च्या आखाती युद्धात यातले बरेच अल-हुसेन खाली येताना हवेतच तुटले. गंमत अशी, की त्या तुकड्यांच्या पावसात खरा स्फोटकाचा भाग ओळखणं अमेरिकेच्या पेट्रियटला, म्हणजे येणारं क्षेपणास्त्र हवेत पाडणाऱ्या क्षेपणास्त्राला, अवघड गेलं.

कोरियानं मग मोठा नोडाँग काढला, १९९३ मध्ये उडवला. त्यानंतर पाच वर्षांनी, १९९८ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानचा घौरी आणि जुलैत इराणचा शहाब-३. नावं तीन, घराणं एकच. कोरियाला परकीय चलन हवं होतं, या दोघांना लांबचा पल्ला.

(दृश्य: समुद्र, रात्र.)

डिसेंबर २००२. अरबी समुद्रात स्पेनच्या नौदलानं उत्तर कोरियाहून आलेलं सोसान हे जहाज अडवलं. सिमेंटच्या गोण्या हलवल्या तर खाली १५ स्कड. येमेन म्हणालं, आमचे आहेत, विकत घेतलेत. आणि खुल्या समुद्रात असला माल जप्त करता येईल असा कायदाच नव्हता.

जहाज सोडून दिलं. स्कड येमेनला पोचले.