रक्तातला प्राणवायू, खाडीतला प्राणवायू

श्रोतेहो, नमस्कार.

मासे पाळणारा माणूस पहाटे चार-साडेचारला तळ्यावर जातो, तेव्हा पाणी दिसण्याआधी त्याला पाण्याचा आवाज ऐकू येतो. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करत असतील तर तो बारीक चुळबुळता आवाज दुरूनही कळतो आणि पाण्यातला प्राणवायू संपत आला आहे, हे त्याच्या लक्षात येते. दिवसा उन्हात पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती प्राणवायू तयार करतात. सूर्य मावळल्यावर मात्र त्या वनस्पती, मासे आणि तळाच्या गाळातले जीवाणू असे सगळेच तो वापरत राहतात, त्यामुळे पहाटेच्या वेळी साठा सर्वांत कमी असतो. रायगडच्या खारेपाटात घरामागच्या तळ्यात जिताडा हा मासा वाढवण्याची जुनी रीत आहे. तिथल्या वडीलधाऱ्यांना ही गोष्ट कोणत्याही उपकरणाशिवाय ठाऊक आहे.

मी ठाण्यातील एका महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते आणि ऐरोलीला राहते. वर्गात माणसाचे रक्त आणि फुप्फुसे शिकवायची आणि संध्याकाळी ठाणे खाडीच्या काठाने चालायचे, असा अनेक वर्षांचा क्रम असल्यामुळे माणसाच्या अंगावरचे सेन्सर आणि जलचरांच्या आरोग्याचे शास्त्र हे दोन विषय माझ्या मनात कधी वेगळे राहिले नाहीत. सेन्सर बनवणे आज पुष्कळ सोपे झाले आहे. जिवंत शरीरात किंवा जिवंत पाण्यात गेल्यावर तो खरा आकडा किती दिवस देत राहील, हा प्रश्न मात्र अजून पुरता सुटलेला नाही, आणि तो माणसाच्या बाबतीत जसा आहे तसाच माशाच्या बाबतीतही आहे. आज मला त्याविषयीच बोलायचे आहे.

प्रथम पाण्याची गरिबी लक्षात घ्या. एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. पंचवीस अंश तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात, ते पूर्ण तृप्त असले तरी, जेमतेम ८.३ मिलिग्रॅम मावतो. पाणी तीस अंशांवर गेले की ही मर्यादा साडेसातच्या आसपास येते, आणि पाणी समुद्राइतके खारे असेल तर ती आणखी खाली उतरते. म्हणजे माशाला श्वासासाठी मिळणारा प्राणवायू आपल्या मानाने तिसाव्या हिश्श्याएवढाच असतो. ही शिल्लक इतकी तुटपुंजी असल्यामुळे तिचा हिशेब अचूक ठेवावा लागतो.

हा हिशेब ठेवणारे पहिले खरोखर उपयोगी साधन जन्माला आले ते माशांसाठी नव्हे, तर रुग्णांसाठी. अमेरिकेतील ओहायो राज्यात यलो स्प्रिंग्ज या लहान गावी लेलँड क्लार्क हे शास्त्रज्ञ शरीराबाहेर रक्तात प्राणवायू मिसळणाऱ्या यंत्रावर काम करत होते. यंत्रातून बाहेर पडणाऱ्या रक्तात नेमका किती प्राणवायू आहे, हे कळणे त्यांना आवश्यक होते; पण प्लॅटिनमची तार थेट रक्तात बुडवली की रक्तातील प्रथिने तिच्यावर बसत आणि मापन बिघडे. क्लार्क यांनी प्लॅटिनम आणि चांदी असे दोन्ही विद्युतअग्र एका पातळ प्लास्टिक पटलाच्या आड ठेवले. त्या पटलातून प्राणवायू आत जाऊ शकत होता, प्रथिने जाऊ शकत नव्हती. ही रचना १९५६ साली प्रसिद्ध झाली. १९६२ मध्ये त्यांनी त्याच पटलाशी ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) बसवले आणि रक्तातली साखर मोजण्याची वाट उघडली. पुढे त्याच गावातील एका कंपनीने साखर मोजणारे यंत्रही बनवले आणि नदी-तळ्यांतील विरघळलेला प्राणवायू मोजणारी यंत्रेही बनवली. मत्स्यतळ्यांवर वापरले जाणारे प्राणवायूमापक आणि मधुमेह्याच्या दंडावरचा सेन्सर यांचे मूळ असे एकाच घरातले आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या विद्यार्थ्यांनी परवानगी घेऊन असा एक प्राणवायूमापक ऐरोलीजवळ खाडीत टांगून ठेवला होता. पहिले काही दिवस आकडा भरती-ओहोटीबरोबर वरखाली होत राहिला, आणि मग तो रोज थोडाथोडा उतरू लागला. मुले काळजीत पडली. कुठून तरी दूषित पाणी खाडीत सुटत असणार, असा तर्क त्यांनी मांडला आणि तसा अहवालही लिहायला घेतला. पंधरवड्याने कांडी वर काढली तेव्हा तिच्यावर बुळबुळीत थर जमला होता आणि त्या थरात मोहरीएवढे कवचधारी जीव बसले होते. आम्हाला होडीतून नेणारे कोळी आजोबा शांतपणे म्हणाले, "बाई, खाडीत नुसता दोर टाकला तरी पंधरा दिवसांत त्याला जीव चिकटतो, मग तुमची कांडी कशी सुटेल?" आम्ही थर पुसला, कांडी पुन्हा पाण्यात सोडली आणि आकडा पूर्वीच्या जागी आला.

इथे एक बारकावा आहे. तो थर नुसता आडवा आला नव्हता, तर त्यातले असंख्य जीव स्वतः श्वास घेत होते. सेन्सरपर्यंत पोहोचण्याआधीच ते प्राणवायू संपवत होते. उपकरण मोडलेले नव्हते. ते खाडीचा नव्हे, आपल्या अंगावरच्या थराचा प्राणवायू अगदी प्रामाणिकपणे सांगत होते.

माणसाच्या कातडीखाली नेमके हेच घडते. सतत साखर मोजणारा सेन्सर दंडावर किंवा पोटावर चिकटवतात, तेव्हा केसासारखी बारीक तार कातडीखालच्या ऊतीत शिरते. ती रक्तात नसते, पेशींच्या मधल्या द्रवात असते, म्हणून तिचा आकडा रक्ताच्या काही मिनिटे मागे चालतो. तार शिरताच शरीर तिला परकी वस्तू म्हणून ओळखते. आधी प्रथिने तिच्यावर बसतात, मग पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि पुढे तंतुमय आवरण तयार होऊ लागते. त्या जमलेल्या पेशी साखर आणि प्राणवायू दोन्ही वापरतात, त्यामुळे तारेच्या भोवतालची साखर उरलेल्या शरीरातल्या साखरेपेक्षा वेगळी होऊ शकते. शिवाय विकरही हळूहळू निकामी होत जाते. असे बहुतेक सेन्सर दहा ते पंधरा दिवसांनी बदलावे लागतात, त्यामागे ही कारणे आहेत. आमच्या इमारतीतील एका काकांना रात्री साखर एकदम उतरल्याचा इशारा वारंवार येत असे, आणि बोटातून रक्त काढून पाहिले की ती व्यवस्थित निघे. ते सेन्सर लावलेल्या दंडावरच झोपत होते. दाबामुळे तिथला रक्तपुरवठा कमी होऊन आकडा खोटा उतरतो, ही डॉक्टरांना परिचित असलेली गोष्ट आहे, पण रुग्णाला ती सांगायची राहून जाते.

यावर उपाय शोधण्यासाठी दोन्हीकडचे संशोधक कसे समांतर वाटांनी गेले, हे पाहण्यासारखे आहे. समुद्रात आणि खाडीत कांडी पुसणारा छोटा ब्रश बसवतात, तिच्याभोवती तांब्याची जाळी लावतात किंवा तिच्यावर अतिनील प्रकाश सोडतात, म्हणजे जीव चिकटत नाहीत. शरीरात ब्रश चालवता येत नाही. तिथे सेन्सरवर प्रथिने बसू न देणारा पाणीदार लेप देतात, किंवा दाह शमवणारे डेक्सामेथासोन हे औषध सेन्सरभोवती अगदी अल्प प्रमाणात झिरपत ठेवतात. कातडीखाली बसवायचा आणि वर्षभर चालणारा एक सेन्सर अशाच औषधाच्या आधारे काम करतो, त्याला अमेरिकेत २०२४ साली मान्यता मिळाली. तो साखर मोजतो प्रकाशाच्या साहाय्याने. आणि पाण्यातल्या प्राणवायूच्या नव्या मापकांतही विद्युतअग्रांच्या जागी प्राणवायूमुळे मंदावणारा चमकता रंग आला आहे, जो मोजताना प्राणवायू वापरून टाकत नाही.

घामातून मोजणी करण्याच्या प्रयत्नांचा मी फक्त उल्लेख करते. २०१६ साली कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठातील संशोधकांनी घामातली साखर, लॅक्टेट, सोडियम आणि पोटॅशियम एकाच पट्टीवर मोजून दाखवले. परंतु घामात साखर रक्ताच्या मानाने अत्यल्प असते, आणि मे महिन्यात ठाणे स्थानकाच्या गर्दीतून बाहेर पडलेल्या माणसाच्या अंगावर जुना घाम कोणता आणि नवा कोणता, हे ठरवणे सोपे नाही.

आता माशाच्या अंगावरच्या सेन्सरकडे येते, कारण हे काम मला विशेष मोलाचे वाटते. मासा घाबरला, दाटीत कोंडला गेला किंवा वाईट पाण्यात अडकला की त्याच्या शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढते आणि मागोमाग रक्तातली साखर वाढते. ही साखर मोजायची तर पूर्वी त्याला पकडून सुई टोचावी लागे, आणि पकडण्यानेच ती वाढत असे. टोकियोतील सागरी विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठातील संशोधकांनी मधुमेह्यांच्या सेन्सरमधले तेच विकर वापरून सुईसारखा सेन्सर तयार केला आणि तो माशाच्या डोळ्याच्या बाहेरील आवरणाखालच्या द्रवात बसवला, कारण तिथली साखर रक्तातल्या साखरेच्या मागोमाग चालते. मासा पोहत राहतो आणि आकडे बिनतारी येत राहतात. स्पेनमधील संशोधकांनी सुमारे एक ग्रॅम वजनाचे उपकरण कल्ल्यांवरच्या झाकणाला लावले. झाकणाच्या हालचालीवरून श्वासाची गती कळते आणि शरीराच्या हालचालीवरून मासा किती सक्रिय आहे ते कळते. असे ओझे माशाच्या वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त नसावे, हा संकेत बरेच संशोधक पाळतात. मुक्या जिवाला काय सोसावे लागत आहे, हे त्याला न छळता जाणून घेण्याचा हा प्रयत्न आहे, म्हणून त्याचे मोल मला मोठे वाटते.

आकडा खरा असला तरी तो कोणाचा आहे, हे पाहावेच लागते. बोटावरचा ऑक्सिमीटर जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली मांडलेल्या तत्त्वावर चालतो. लाल आणि अवरक्त प्रकाश बोटातून जाताना किती शोषला जातो, त्यावरून तो हिशेब करतो. २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना धमनीतल्या रक्तात प्राणवायू प्रत्यक्षात ८८ टक्क्यांच्या खाली असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के आणि कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के होते. ज्या देशात सावळ्या वर्णाची माणसे बहुसंख्य आहेत, त्या देशाने हा निष्कर्ष दूरची बातमी म्हणून वाचू नये, असे मला कळकळीने वाटते. पाण्याचेही तसेच आहे. पावसाळ्यात ठाणे खाडीचा खारेपणा झपाट्याने उतरतो, आणि मापकात उन्हाळ्यातला खारेपणा तसाच नोंदलेला राहिला तर तो प्राणवायू प्रत्यक्षाहून कमी दाखवतो. शिवाय खाडीच्या चिखलावर उड्या मारणारी निवटी ही मासळी कातडीने आणि तोंडातल्या अस्तराने हवेतला प्राणवायू घेते. ज्या आकड्याला ती बिनघोर राहील, त्या आकड्याला जिताडा गुदमरेल.

आणि सेन्सर जिथे पोहोचतच नाही असे जीवही आहेत. चेन्नईच्या सिबा या निमखाऱ्या पाण्यातील मत्स्यपालनाच्या केंद्रीय संस्थेने १९९७ साली आपल्या देशात प्रथमच जिताड्याचे बीज बंदिस्त जागेत तयार केले. या माशाच्या काही मिलिमीटर लांबीच्या पिलांना नोडा विषाणूची बाधा झाली की तो मेंदू आणि डोळ्याचा पडदा पोखरतो, पिले गोल गोल फिरू लागतात आणि मरतात. त्यांच्या अंगाला काहीही बांधता येणार नाही. तिथे बीज घेण्याआधी जनक माशांची पीसीआर चाचणी, पाण्याची तपासणी आणि लस एवढेच मार्ग उरतात, आणि सिबाने या रोगावर लसही विकसित केली आहे. जलचरांच्या रोगांवर लक्ष ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, आणि २०२३ पासून 'रिपोर्ट फिश डिसीज' या मोबाइल ॲपवरून मत्स्यपालकाला स्वतः रोगाची खबर देता येते. कोळंबी किंवा जिताडा पाळणाऱ्या श्रोत्यांनी ते ॲप मासे मरू लागण्याआधीच फोनवर घेऊन ठेवावे.

तळ्यावर प्राणवायूमापक वापरत असाल तर पाण्यात सोडण्याआधी तो मऊ कापडाने पुसा, ओलसर हवेत धरून आकडा शंभर टक्क्यांवर येतो का ते पाहा, खारेपणा त्या दिवशीचा भरा, आणि मोजणी पहाटेची घ्या. घरात ऑक्सिमीटर असेल तर बोट गरम असू द्या, नखाचा रंग काढा, आकडा स्थिर होईपर्यंत हात हलवू नका. साखरेचा सेन्सर लावला असेल आणि त्याचा आकडा अंगाला जाणवणाऱ्या लक्षणांशी जुळत नसेल, तर औषधाचा निर्णय घेण्याआधी बोटातून रक्त काढून साखर पाहा, आणि त्या बाजूवर झोपू नका.

नमस्कार.